गंडभेरुंड उपाशी, डायनासोर तुपाशी!

विदर्भातल्या कित्येक शहरांच्या सार्वजनिक बागांत फाटकापाशीच फायबरचा डायनासोर जबडा वासून उभा असतो. दोन उन्हाळ्यांत त्याचा रंग उडतो, शेपटी गळते, आतली गंजकी सळई पोरांचे पाय फाडायला टपून बसते, आणि तरीही पुढल्या 'सुशोभीकरणा'त आणखी एका डायनासोराची सोय झालेली असते. कर मात्र आपण भरतो.

आता याच विदर्भात, वऱ्हाडातल्या गाविलगडाचा शार्दूल दरवाजा पाहा. हत्तींना लोळवणारे शार्दूल आणि चोचींत हत्ती धरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड! विजयनगरातून बालपणी कैद होऊन आलेल्या आणि 1490 च्या सुमारास वऱ्हाडात स्वतःची गादी मांडणाऱ्या कानडी ब्राह्मणपुत्राच्या, फत्हुल्ला इमाद-उल-मुल्काच्या इमादशाहीचा हा पहारा. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने तोफांनी तट फोडून गड घेतला, तरी हे राखणदार जागचे हलले नाहीत. त्यांच्या वाट्याला काय? पाटी आणि पाऊस! संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्यास 1958 च्या कायद्यात, 2010 च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड वा दोन्ही आहे. दगडावर बदाम कोरून त्यात बाण खुपसणाऱ्या किती प्रेमवीरांनी ती कैद भोगली, हे वाचकांनीच सांगावे.

इटलीतल्या बोमार्झोच्या सोळाव्या शतकातील बागेत शिपायाला सोंडेत आवळणारा दगडी हत्ती आणि त्याचे राक्षसी सोबती रानात बुडाले होते. 1954 नंतर एका खासगी मालकाने ती बाग पुन्हा उभी केली. आमच्याकडे अख्खे सरकार आहे, म्हणूनच बहुधा अडले!

कारण उघड आहे. दगडी शार्दूलाला दर तीन वर्षांनी रंग लागत नाही. रंग नाही म्हणून निविदा नाही, निविदा नाही म्हणून टक्का नाही, टक्का नाही म्हणून फीत कापायला कात्री घेऊन कोणी फिरकत नाही. पाणी मुरते ते इथे.

आणि फिती कापणारे हेच महाभाग वाशीमच्या व्यासपीठावर वत्सगुल्माच्या वाकाटकांचे पोवाडे गातात! हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्याचा वारसा सांगणाऱ्यांनी प्लास्टिकचे जिराफ उभारावेत, हा निर्लज्जपणाचा कळस आहे. पुढल्या अंदाजपत्रकात फायबरच्या श्वापदांसाठी एक रुपया जरी दिसला, तरी त्याला हात वर करणाऱ्यांची नावे आम्ही याच स्तंभात ठळक टाइपात छापू.