चुन्याची पुडी आणि लिटमसचा कागद

येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत लोक चुनखडी वेचतात. ती हातात धरली तर काही होत नाही. पण चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो आणि त्यावर पाणी घातलं की तंबाखूत मळायचा चुना तयार होतो. या चुन्याची पुडी किंवा ट्यूब आपल्या घरात खिशात, उशाखाली, कोनाड्यात कुठंही पडलेली असते. लेकरू ती खेळायला घेतं, दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो.

"चुनाच तर आहे, त्यानं काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा लिटमस पाहावा. दगडफुलाच्या जातकुळीतल्या शैवाकांपासून हा रंग काढतात. लिंबाच्या रसात निळा लिटमस लाल होतो, म्हणजे ते आम्ल. ओल्या चुन्यात लाल लिटमस निळा होतो, म्हणजे तो आम्लारी. लिटमस नसेल तर पांढऱ्या कागदावर ओली हळद लावून वाळवा आणि त्यावर काडीनं चुना टेकवा. पिवळं लगेच लाल होईल. हळदीचं कुंकू याच चुन्यानं लाल होतं. आधी पाहा, मग माना.

सामू 7 म्हणजे उदासीन. डोळ्यातलं पाणी साधारण 7.4 असतं, तर चुन्याची निवळी 12 च्या वर जाते. आम्लानं डोळ्याचा वरचा थर साकळतो आणि बऱ्याचदा आम्ल तिथंच अडतं. आम्लारी मात्र पेशींमधली चरबी विरघळवत आत शिरत राहतं. म्हणून चुन्यानं कायमचं अंधत्व येऊ शकतं.

इथं शाळेतल्या धड्याचा उलटा अर्थ लावू नका. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की उदासीन होतात, हे परीक्षानळीत खरं आहे. डोळ्यात लिंबू पिळलं तर इजा दुप्पट होते. दूध, तूप, मध, गुलाबपाणीही नको.

फक्त पाणी हवं. पापण्या बोटांनी उघड्या धरा, स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि किमान अर्धा तास धुवा. लेकरू रडेल, तरी थांबू नका. पापणीत चुन्याचा कण दिसला तर ओल्या स्वच्छ कापडानं हळूच टिपून काढा. डोळा चोळू देऊ नका. धुता धुता दुसऱ्या कुणाला 108 वर फोन करायला सांगा. आधी धुणं, मग दवाखाना.

दवाखान्यातही हाच कागद लागतो. धुणं थांबवून पाचेक मिनिटांनी खालच्या पापणीच्या आत सामूचा कागद टेकवतात. तो अजून आम्लारी दाखवत असेल तर चुना आत आहे, पुन्हा धुवायचं. इतकी साधी आणि स्वस्त ही तपासणी आहे.

म्हणून परिचारिका या नात्यानं माझी दोन मागण्या आहेत. प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात सामूच्या कागदाची पुडी आणि डोळा धुवायला सलाईनची बाटली असलीच पाहिजे. आणि प्रत्येक चुन्याच्या पुडीवर "मुलांच्या डोळ्यांना धोका" हे मराठीत, ठळक छापलं पाहिजे. ग्रामसभेत हे विषय मांडा, ठराव लिहून घ्या.

तोवर आपल्या हातातलं एक काम आजच करा. चुन्याची डबी लेकराच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवा. तंबाखू सुटली तर डबीचीही गरज उरणार नाही.