लाळेचे मोल

ज्या वस्तूस बाजारभाव नाही, तिच्याकडे आपण व्यापारी माणसे सहसा लक्ष देत नाही. मुखातील लाळ ही अशीच एक वस्तू होय. निरोगी मनुष्याच्या मुखात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ झरते. तिची नोंद कोणत्याही खतावणीत नसते. परंतु आज संशोधनशाळांना माल पुरविणाऱ्या पेढ्यांच्या यादीत 'मानवी लाळेतील प्रथिन' हा जिन्नस आढळतो, आणि तो तोळ्याने वा ग्रॅमने नव्हे, तर ग्रॅमच्या दहालक्षांश भागांच्या मापाने विकला जातो!

हा माल आहे तरी काय? उदाहरणार्थ स्टॅथेरिन घ्या. अवघ्या 43 अमिनो आम्लांची ही साखळी. दातांची झीज भरून काढणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट लाळेत इतके दाटलेले असते की, एरवी त्याचे खडे जमावयाचे. स्टॅथेरिन ते जमू देत नाही, आणि गरज पडेल तेव्हा दातास उपलब्ध ठेवते. माल कोठारात सुटा व कोरडा राखणारा जाणता मुनीमच म्हणा ना! हिस्टॅटिन नावाची दुसरी प्रथिने मुखात बुरशी माजू देत नाहीत.

'मानवी' हा शब्द वाचून वाचकांनी दचकू नये. हे प्रथिन कोणाच्या मुखातून काढलेले नसते. मानवी जनुकाची प्रत जिवाणूत अथवा यीस्टमध्ये घालून ते त्यांच्याकडून तयार करवून घेतात. याच रीतीने घडविलेले मानवी इन्शुलिन 1982 पासून औषध म्हणून मिळू लागले, आणि आपल्या हैदराबादेतील शांता बायोटेक्निक्सने 1997 साली कावीळ-ब वरील लस यीस्टपासूनच तयार केली. कृत्रिम लाळेच्या काही प्रकारांत डुकराच्या जठरातील श्लेष्मल प्रथिन वापरले गेले आहे, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. या दृष्टीनेही नव्या मार्गाचे आम्ही स्वागत करतो. मात्र एक मेख आहे. स्टॅथेरिनच्या आरंभी दोन ठिकाणी फॉस्फेटची जोड असते व तिच्या बळावर ते दातास घट्ट धरते. साध्या जिवाणूकडून केलेल्या प्रथिनात ही जोड नसते. म्हणजे नाव तेच, वाण तोच, पण प्रत उणी! तेव्हा हा माल तूर्त संशोधनापुरताच समजावा.

एवढा खटाटोप कोणासाठी? आमच्या येथील एक वयोवृद्ध कापूस-व्यापारी आमच्या डोळ्यांसमोर आहेत. मुखाच्या कर्करोगावर नागपुरास किरणोपचार झाले, प्राण वाचले. परंतु किरणांनी लाळग्रंथी करपल्या. ज्वारीच्या भाकरीचा घास पाण्यावाचून गिळवत नाही, आणि वर्षभरात दातांमागून दात किडले. अशांच्या मुखात पुन्हा ओल यावी म्हणून शास्त्रज्ञ झटत आहेत.

आणि त्यांच्याच किराणा दुकानात, गल्ल्यावर, गोड सुपारीच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. तोंड उघडेनासे करणाऱ्या विकाराचे वर्णन मुंबईच्या डॉ. जोशी यांनी 1953 सालीच केले होते. सुपारी स्वतःच, तंबाखूवाचूनही, कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केला. तंबाखूच्या गुटख्यावर तेलंगण शासनाने 2024 साली बंदीचा आदेश काढला खरा. परंतु गोड सुपारी शाळेच्या वाटेवरील मुलासही मिळते. लग्नाच्या पंगतीनंतर तबक फिरविणारे तर आपणच!

"आम्ही नाही विकली तर शेजारचा विकील," असे उत्तर आम्हांस नेहमी मिळते. विकील, हे खरे. पण कापसाच्या गाठीत पाणी मारणाऱ्याचेही उत्तर हेच असते, आणि ते आपण कधी ग्राह्य धरले नाही. निदान लहान मुलास पुडी द्यावयाची नाही, एवढा ठराव संघाने यंदाच्या सर्वसाधारण सभेत करावा, अशी आमची सूचना आहे.

त्या वृद्ध गृहस्थांच्या दुकानातील माळा गेल्या दिवाळीस उतरल्या. तेथे आता बिस्किटांचे पुडे असतात. त्यावरून चिरंजीवांशी त्यांचा वाद अद्याप चालू आहे, आणि बोलताना मध्येच थांबून तांब्यातले पाणी घ्यावे लागते ते त्यांनाच.