गिटारचा लहान ॲम्प्लिफायर

राजबागेंत एमआयटीचें विद्यापीठ झाल्यापासून आमच्या लोणी काळभोरांत पाठीस गिटार अडकवून फिरणारीं मुलें पुष्कळ दिसतात. त्यांचे पालक आम्हांस विचारितात, कीं व्हॉल्व्हचा ५ वॉटांचा स्वस्त ॲम्प्लिफायर पुरेल, कीं कर्ज काढून मोठा घ्यावा?

लहानच घ्यावा. वॉट दुप्पट झाल्यानें आवाज दुप्पट होत नाहीं. तो अवघा ३ डेसिबलांनीं वाढतो. शिवाय व्हॉल्व्हचें माधुर्य त्यावर पुरता भार पडल्यावरच प्रकट होतें. नादलहरींचे माथे तेथें हळुवार दबतात व नवे उपस्वर उमटतात. तंबोऱ्याची जवारी ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस हें निराळें सांगणें नको. मोठें यंत्र त्या अवस्थेस पोंचेपर्यंत माजघरांतील मंडळी बाहेर येतात!

म्हणून यंत्राचा आवाज चढता ठेवावा व गिटारवरील बटण उतरवून स्वच्छ नाद काढावा. यंत्र कोपऱ्यांत भुईवर नसावें. तेथें खर्ज फुगतो. स्टूल उत्तम. महागडे व्हॉल्व्ह आणण्यापूर्वीं, सोय असल्यास, ओहमांचा आंकडा जुळवून १२ इंची स्पीकर जोडून पाहावा. आंतला बहुधा ८ इंचीच असतो.

एवढें मात्र कर्त्या मंडळींनीं जातीनें पाहावें. आंत सुमारें ३०० व्होल्टांचा दाब असतो व तो प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत राहूं शकतो. झांकण मुलांनीं उघडूं नये. स्पीकर न जोडतां यंत्र चालविल्यास ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. आणि अमेरिकेंतील आप्तानें १२० व्होल्टांचें यंत्र प्रेमानें आणलें, तरी तें आपल्या २३० व्होल्टांवर तसेंच लावूं नये.