दिवे गेले, तरी घरचा फोन बोलता राहू द्या

उन्हाळ्यातल्या झाशीबद्दल काय सांगावे! २८ मे २०२४ रोजी तिथे पारा ४९ अंशांवर पोहोचला होता. अशा दुपारी घरोघरी कूलर आणि एसी एकाच वेळी चालतात, रोहित्रावर ताण पडतो आणि वीज जाते. पंखा थांबलेला लगेच कळतो. इंटरनेट बंद पडल्याचे मात्र पुण्याला किंवा परदेशी असलेल्या मुलाशी चाललेले बोलणे मध्येच तुटले, की लक्षात येते. घरात वयस्क आईवडील एकटे असतील आणि जाड भिंतींमुळे मोबाइलची रेंज आत येत नसेल, तर अडचणीच्या वेळी हाक मारायचे साधनच हातून जाते.

३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन दिवसांत उत्तर भारताची वीज लागोपाठ दोनदा गेली. दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. या घोटाळ्याची सुरुवात बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडण्यापासून झाली होती, आणि बीना व ग्वाल्हेर यांच्या दरम्यान आहे झाशी! पण त्या काळी ज्यांच्या घरी तारेचा फोन होता, त्याला घरच्या विजेची गरज नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीज त्याच तांब्याच्या तारेतून फोनला मिळत असे. आता घरात येतो तो काचेचा तंतू. त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. म्हणून तिची सोय आपणच करायला हवी.

आधी इन्व्हर्टरकडे पाहा

घरात इन्व्हर्टर असेल, तर नवी खरेदी करण्यापूर्वी राऊटरचा प्लग कुठे लावला आहे ते बघा. पुष्कळदा तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नसलेल्या पॉइंटला असतो. वायरमनकडून तेवढा पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला की काम झाले. राऊटर एखाद्या एलईडी बल्बाइतकीच, म्हणजे साधारण दहा वॉट वीज घेतो. वीज गेल्यावर तो क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टरचे बटण ‘यूपीएस’वर ठेवा. मात्र व्होल्टेज फार कमी येत असेल, तर या स्थितीत इन्व्हर्टर लवकर बॅटरीवर जातो, हे ध्यानात असू द्या.

मिनी यूपीएस घेताना

इन्व्हर्टर नसेल, तर राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. दुकानात जाण्यापूर्वी राऊटरच्या अडाप्टरवरचे आकडे लिहून घ्या, उदाहरणार्थ १२ व्होल्ट, १ अँपिअर. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. नऊ व्होल्टच्या राऊटरला बारा व्होल्ट दिले, तर तो जळू शकतो. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनेचे माप आणि तिच्या मधल्या टोकाची खूण, धन की ऋण, हेही जुळवून पाहा.

काही घरांत दोन डब्या असतात. फायबर जिथे येते ती ओएनटी आणि वायफाय देणारा राऊटर. दोन्हींना वीज मिळाली तरच इंटरनेट चालते, तेव्हा दोन जोडण्यांचा यूपीएस मागा.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. १०,००० एमएएच हा आकडा बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे साठा ३७ वॉट-तास. थोडी घट धरली तर हाती येतात सुमारे ३० वॉट-तास. दहा वॉटचा राऊटर त्यावर तीन तास चालेल, दहा तास नव्हे!

लिथियमची बॅटरी उन्हाला भिते. साधारण ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये, असे मानले जाते. झाशीसारख्या गावात ती पत्र्याखालच्या माळ्यावर, उन्हाच्या खिडकीत किंवा कपड्यांच्या ढिगाखाली ठेवणे धोक्याचे. घरातल्या गार खोलीत, मोकळ्या हवेत ठेवा. कूलरच्या तुषारांपासूनही लांब. बॅटरी फुगलेली दिसली, तर लगेच वापर थांबवा.

एकदा परीक्षा घ्या

सगळे जोडून झाले, की एखाद्या रविवारी मेन स्विच बंद करून मोबाइलचा डेटाही बंद ठेवा आणि वायफायवरून फोन लावून बघा. ओएनटीवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. त्यावर घरची बॅटरी उपाय नव्हे. काही ठिकाणी गल्लीतल्या केबलवाल्याच्या पेटीलाही वीज लागते. त्याच्याकडे बॅटरीची सोय आहे का, हे आधीच विचारा.

आणि ही सगळी व्यवस्था घरातल्या वडीलधाऱ्यांना नीट समजावून सांगा. कोणते बटण दाबायचे, कोणते दाबायचे नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून राऊटरजवळ चिकटवा. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांना तो वापरता आला पाहिजे.