उलट्या दिशेच्या रिकाम्या गाड्या

आज १६ एप्रिल. १८५३ साली याच दिवशी दुपारी, तोफांच्या सलामीत, बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी ठाण्याला पोहोचली. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, रूळ कल्याणपर्यंत आले. या पट्ट्यातली आजची वस्ती त्या रुळांनीच वाढवली, म्हणून या दिवसाचा अभिमान रास्त आहे. पण त्याच रुळांवर रोज जीव मुठीत धरून जाणाऱ्यांविषयी आज बोलले नाही, तर केवळ इतिहासाचे गोडवे गाऊन काय साधणार?

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघे त्याच दिवशी गेले. मग नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे देण्याची घोषणा झाली. त्याआधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली होती आणि तिच्यासोबत ३६ फेऱ्या जाहीर झाल्या होत्या. मार्गिका हवीच होती, दरवाजेही हवेतच. तरीही डोंबिवलीत सकाळच्या जलद गाडीत पाय ठेवायला जागा नाही. म्हणून कित्येक जण आधी डाऊन गाडीने कल्याण गाठतात आणि तिथून बसून पुन्हा डोंबिवलीवरूनच मुंबईकडे जातात.

डोनेला मेडोज या अमेरिकी अभ्यासिकेने १९९९ साली गुंतागुंतीच्या व्यवस्था बदलण्याच्या बारा जागा प्रभावाच्या क्रमाने मांडल्या. सर्वांत दुबळी जागा आकड्यांची. आपला सगळा वाद नेमका तिथेच चालतो: फेऱ्या किती वाढल्या, डबे बारा की पंधरा, वातानुकूलित गाड्या किती. नियम बदलणे त्याहून प्रभावी, आणि व्यवस्था ज्या उद्दिष्टासाठी चालते ते बदलणे त्याहूनही प्रभावी. मेडोज ज्यांच्याकडून व्यवस्थांचे हे शास्त्र शिकल्या त्या जे फॉरेस्टर यांचे निरीक्षण आपल्याला अधिक लागू आहे. कळीची जागा लोकांना बहुधा ठाऊक असते, पण तिथे ते जोर लावतात तो उलट्या दिशेने.

ठाण्यात नेमके हेच घडले. १९६२ मध्ये एमआयडीसीची पहिली वसाहत वागळे इस्टेटला उभी राहिली, तेव्हा कामासाठी ठाण्याकडे येणारी माणसे होती. पुढे कारखाने मिटत गेले. पोखरण रस्त्यालगत रेमंडच्या गिरणीच्या जागी निवासी मनोरे आले. आंबिवलीजवळ मोहोन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला. एकेक व्यवहार पाहिला तर त्यात वावगे काही दिसणार नाही. पण काम देणारी जमीन घरे देणारी झाली की तिचा रेल्वेशी असलेला संबंधच उलटतो. जी जमीन सकाळी माणसे आत ओढत होती, तीच आता सकाळी माणसे बाहेर लोटते. हा बदल जमीन वापराच्या परवानगीतून होतो. त्या परवानगीवर सही होताना फलाटाचा विचार कोणी करत नाही, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

सकाळी साडेआठला कल्याणकडे येणाऱ्या गाड्यांत बसायला जागा मिळते. रूळ आहेत, वीज आहे, मोटरमन आहे, फक्त त्या दिशेला पुरेसे काम नाही. कल्याणात किंवा डोंबिवलीत निर्माण होणारी प्रत्येक नोकरी त्या रिकाम्या बाकावर माणूस बसवील, किंवा कोणाला तरी गाडीच धरू देणार नाही. नवा पूल नको, नवा बोगदा नको.

हे सुचायला उशीर झाला, असेही नाही. १९६५ मध्येच चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे शहर वसवून मुंबईची उत्तर-दक्षिण धाव पूर्वेकडे वळवण्याचा प्रस्ताव मांडला. १९७० मध्ये ते शहर वसवण्यासाठी सिडको आली. पण सत्तेचे केंद्र दक्षिण टोकालाच राहिले आणि त्याच सुमारास नरीमन पॉइंटला भराव घालून कार्यालये उभी राहिली. उलट घाऊक बाजार सरकारने निर्धाराने वाशीला हलवले, तर व्यापारी, हमाल, ट्रक सगळे तिकडे गेले. व्यापाऱ्यांना जे करायला लावले, ते सरकारने स्वतः केले नाही.

आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब उभे आहेत. तिच्या स्थानकांभोवती पुन्हा केवळ घरेच वाढली, तर ही मेट्रोही ठाण्याच्या फलाटावर गर्दी आणून ओतेल. म्हणून बंद कारखान्याच्या जमिनीवर बांधकामाची परवानगी देताना ठरावीक हिस्सा रोजगारासाठी राखणे सक्तीचे करा, आणि तो नंतर घरांत बदलण्याची वाट बंद करा. ज्यांचे काम मंत्र्यांच्या दालनाशेजारी बसण्यावाचून अडत नाही, अशी राज्य सरकारची आयुक्तालये आणि महामंडळे कल्याणला आणा. कर्मचारी संघटनांचा विरोध होईल, हे खरे. पण त्या संघटनांचे किती सभासद रोज कल्याण, डोंबिवली, बदलापूरहून निघतात, याची यादी सरकारच्या आस्थापना शाखांकडे आहे. चर्चेला बसताना ती यादी पुढ्यात ठेवावी.