मनगटावरचा निळा पट्टा

समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे, असं आम्ही गोंयकार छाती पुढे काढून विचारतो. मीही विचारत आलो. गेल्या सप्टेंबरअखेरपर्यंत. आता तो प्रश्न तोंडात येतो आणि तिथेच अडकतो. का, ते सांगतो.

आम्ही सहकुटुंब एका रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहून आलो. हसू नका. मी सरकारी कारकून, फोंड्यात घर, पणजीला नोकरी. गोव्यातल्या माणसाने गोव्यातल्याच रिसॉर्टात पैसे देऊन राहायचं म्हणजे स्वतःच्या घरात भाड्याने खोली घेण्यासारखं, असं मला वाटायचं. पण मुलगी पदवीधर झाली होती. मोसम सुरू व्हायचा होता म्हणून दर उतरलेले. आणि बायको म्हणाली, "आयुष्यभर लोकांची एलटीसीची बिलं तपासलीत, आपण कधी कुठे गेलो?" ह्याला उत्तर नव्हतं. जागा मुलीने शोधली, पेडणे तालुक्यात, अगदी किनाऱ्यावर. गावाचं नाव ऐकून आई एवढंच म्हणाली, "माझ्या कुळारात? आणि पैसे भरून?"

होय, ते तिचं माहेर. तिचे वडील भाटकाराच्या माडांत मुंडकार होते. घर पुढे भाऊबंदकीत गेलं, पण माझा एक मामेभाऊ अजून तिथेच राहतो आणि रांपणीला जातो.

रिसेप्शनवर एका गोड मुलीने आईच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली आणि इंग्रजीत म्हटलं, "वेलकम टू गोवा!" अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, तिथून हाकेच्या अंतरावर जन्मलेली. ती हसली आणि "देव बरें करूं" म्हणाली. मग प्रत्येकाच्या मनगटाला प्लास्टिकचा निळा पट्टा बांधला. आंघोळ करतानाही काढायचा नाही, हा पट्टा असेल तरच समुद्राकडच्या फाटकातून ये-जा करता येईल, असं बजावलं.

सोय उत्तम होती, उगाच नावं ठेवत नाही. पांढऱ्याशुभ्र चादरी, टॉवेलचा राजहंस, पोहायचा तलाव. जेवणात 'गोवन फिश करी' होती, तीत बहुतेक साय घातली होती. आईने एक घास घेतला आणि विचारलं, "हातूंत तिरफळां खंय?" वाढणारा मुलगा ओशाळला.

संध्याकाळी आई हिरवळीच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे बघत उभी होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "हंय आमची वाट आसली मरे." ह्याच वाटेने ती लहानपणी रांपण ओढायला धावायची. दोर ओढला की पोरांनाही मूठभर मासळीचा वांटा मिळे. वाटेच्या शेवटी वाळूची टेकडी होती, तिच्यावर मर्यादवेल पसरलेली. आता टेकडी नाही, वेलही नाही. कुठूनतरी आणलेलं गवत आहे आणि त्यावर पाण्याचे फवारे. समुद्राची मर्यादा सांगणारी म्हणून आपल्या लोकांनी त्या वेलीला मर्यादवेल म्हटलं. माणसाची मर्यादा सांगायला आता भिंत आहे.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी घडली. आते आली आहे हे कळल्यावर मामेभाऊ तिला भेटायला आला. रस्त्याने नाही, किनाऱ्यावरून, जसा जन्मभर चालत आला तसा. हातात पिशवी, पिशवीत ताजे बांगडे. फाटकाशी सुरक्षारक्षकाने अडवलं. "गेस्ट आहात? पट्टा दाखवा." आई आणि मी फाटकाच्या आत, तो बाहेर वाळूत. आई म्हणाली, "अरे, तो आमचो बाबू." रक्षक नम्र होता. म्हणाला, "आजी, मला आत सोडायला सांगितलेलं नाही." बोलता बोलता कळलं, मुलगा सत्तरीचा. आमचाच. बारा तासांची ड्यूटी करणारा.

आणि मी काय केलं? मी हात वर करून माझा निळा पट्टा दाखवला. म्हटलं, "हे माझ्याबरोबर आहेत." रक्षक बाजूला झाला. पण मामेभाऊ आत आला नाही. त्याने पिशवी आईच्या हातात दिली, माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू रे सोयरो जालो." आणि आला तसा निघून गेला.

सोयरो म्हणजे पाहुणा. एवढंच. पण हा शब्द माझ्या मनातून जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही भायल्यांची करणी. दिल्लीवाले आले, जमिनी घेतल्या, भिंती घातल्या. ऑफिसातही सगळे हेच म्हणाले. हे रडगाणं मला पाठ आहे, मीही गायलो आहे. पण वाचकहो, जरा हिशेब करू. भाट विकलं कुणी? आपल्याच भाटकाराने. परवान्याची फाईल कुठल्या टेबलांवरून गेली? माझ्यासारख्याच्या. शेरे कुणी मारले? आपल्याच लोकांनी, आपल्याच शाईने. फाटकावर उभा कोण? सत्तरीचा मुलगा. आणि पट्टा दाखवून स्वतःच्याच भावाला आत घ्यायला निघालेला कोण? मी. ह्यात भायलो कितीसा सापडतो?

कायदा नाही म्हणावं तर तेही खोटं. भरती-ओहोटीच्या रेषांमधली वाळू कुठल्याच हॉटेलची नसते. 'प्रायव्हेट बीच' हा शब्द फक्त जाहिरातीत. केंद्र सरकारने १९९१ साली किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. तिला जोडलेल्या परिशिष्टात रिसॉर्टांसाठी स्पष्ट लिहिलं आहे की लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडायची आणि वाळूच्या टेकड्या सपाट करायच्या नाहीत. २०११ च्या अधिसूचनेतही तेच. वीस मीटर! आमच्या रिसॉर्टच्या आणि शेजारच्या हॉटेलच्या भिंतीमधून दोन माणसं जोडीने चालू शकत नाहीत. मी पावलं मोजून आलो आहे.

न्यायालयं गप्प बसली असंही नाही. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेसाठी नागरिक वर्षानुवर्षं लढले आणि २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार हे अशा संपत्तीचं मालक नसून लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व त्या निकालात आहे. आणि आपण काय केलं? त्याच वर्षी राज्याने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती आणली, न्यायालयाने पाडायला सांगितलेलं बांधकाम वाचेल अशी. दुरुस्ती आणणारे दिल्लीचे नव्हते. आपण मतं देऊन बसवलेले होते.

त्याच्याही मागचं सांगतो. सत्तरच्या दशकात ट्रॉलरवाल्यांविरुद्ध रांपणकार रस्त्यावर उतरले. मातानी सालढाणांसारखी माणसं पुढे झाली. त्या रेट्यातून १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. म्हणजे बापांनी भांडून किनाऱ्याजवळचं पाणी राखलं आणि मुलांना त्या पाण्यापर्यंत जायला पट्टा लागतो. पाण्यासाठी भांडलो, वाटेसाठी भांडायचं सुचलंच नाही. वाट कोण नेतो, असं वाटलं असेल.

रिसॉर्टांनी पोटं भरतात, हे मला मान्य आहे. माझ्या भाच्याचा पगार अशाच एका स्वयंपाकघरातून येतो. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून पेडण्यातल्या पोरांच्या आशा वाढल्या आहेत, त्यात गैर काही नाही. पण वीस मीटरची वाट सोडली म्हणून कुठलं हॉटेल बुडतं ते मला दाखवा. किनाऱ्यावरून मासे घेऊन जाणारा माणूस दिसला म्हणून कुठल्या पर्यटकाने पैसे परत मागितले? उलट त्याला बघायलाच तो आलेला असतो. जाहिरातीत रांपणीचा फोटो घालायचा आणि रांपणकाराला फाटकात अडवायचं, हा व्यवहार नव्हे, ही लबाडी.

कारकून म्हणून एक गोष्ट मात्र अनुभवाने सांगतो. वाट चालली नाही तर आधी गवतात जाते, मग भिंतीत जाते आणि शेवटी कागदावरूनही जाते. पुष्कळदा जुन्या सर्व्हे प्लॅनवर तुटक रेषेने पायवाट दाखवलेली असते. नकाशाची प्रत अर्ज करून, शुल्क भरून मिळते. ती काढायला आपल्याला वेळ नसतो. चतुर्थीला माटोळी बांधायला, शिगम्याला, जत्रेला आपण रजा टाकतो, त्या टाकाव्यातच. पण ग्रामसभा मुद्दाम रविवारी ठेवतात आणि आपण त्या दिवशी नुस्तें आणायला मासळी बाजारात असतो. मग सोमवारी ऑफिसात बसून म्हणतो, गोंय विकलें!

गोंय विकलं गेलं ते असं नाही. ते आपण पाहुण्यासारखे वागायला लागलो तसतसं गेलं. पाहुणा तक्रार करतो, मालक वहिवाट करतो. मी त्या सकाळी तक्रारही केली नाही, नुसता पट्टा दाखवला.

बांगड्यांचं काय झालं म्हणाल तर ते रिसॉर्टच्या स्वयंपाकघराने शिजवून द्यायला नकार दिला. बाहेरचे पदार्थ चालत नाहीत म्हणे. आईने ते फोंड्याला येईपर्यंत बर्फात ठेवले आणि घरी तिरफळं घालून हुमण केलं. जेवताना ती फारशी बोलली नाही.

मी त्या गावचा मतदार नाही, तिथल्या ग्रामसभेत मला बोलता येणार नाही. मामेभावाला येईल. मी त्याच्याकडे गेलो, थोड्या शिव्या खाल्ल्या आणि जुन्या नकाशाची प्रत त्याच्या हातात ठेवली. आईची वाट त्यात आहे, तुटक रेषेने, थेट वाळूपर्यंत. अर्जही लिहून दिला आहे, विषय आणि संदर्भासकट. बाकी काही नाही तरी अर्ज मला नीट लिहिता येतो. ठराव झाला की आईला घेऊन त्या वाटेने जायचं आहे.

तुमच्याही आईची अशी एखादी वाट असेल. ती अजून चालते का, तेवढं बघून या.