आजारपणाचा व्हिसा आणि परळचा फुटपाथ

पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केल्याचे जाहीर केले. हे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द होणार होते. वैद्यकीय व्हिसावर आलेल्यांना मात्र २९ एप्रिलपर्यंत मुदत मिळाली. आजारी माणसाला दोन दिवस जास्त! हल्लेखोरांना शिक्षा झालीच पाहिजे. पण उपचार अर्धवट टाकून निघणाऱ्या रुग्णाचा त्यात काय गुन्हा, हे विचारणे देशद्रोह नाही.

नियम काय सांगतो? भारतात विशेष उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी रुग्णाला एक वर्ष किंवा उपचारांचा काळ, यांपैकी जो कमी असेल तेवढा व्हिसा मिळतो. रुग्णालयाच्या दाखल्यावर मुदत वाढू शकते. सोबत जवळचे दोन नातेवाईक राहू शकतात. दुसऱ्या व्हिसावर आलेला माणूस इथे गंभीर आजारी पडला आणि प्रवासाच्या स्थितीत नसेल, तर त्याचा व्हिसाही वैद्यकीय करून घेता येतो. आपल्या शहरात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यावर किंवा भन्तेंवर असा प्रसंग आला, तर हे माहीत असावे.

पण नियम एक आणि दार उघडणे वेगळे. इजिप्तच्या इमान अहमदला वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला यायचे होते. आधी तिला व्हिसा नाकारला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये तिच्या डॉक्टरांनी ट्विटरवर विनंती केली, परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी लक्ष घातले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ती सैफी रुग्णालयात दाखल झाली. हे चांगलेच झाले. पण ज्याच्यासाठी ट्विट करणारा कोणी नाही, त्याचे काय?

आता आपल्याकडे पाहू. नाशिकहून परळला कॅन्सरच्या उपचारासाठी जायला व्हिसा लागत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारही मोफत आहेत. पण सोबतच्या माणसाचा महिनोन्महिन्यांचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी कोण भरणार? म्हणून टाटा रुग्णालयाच्या आसपास लोक फुटपाथवर झोपतात. रुग्णांबरोबर काम करताना मी पाहिले आहे, काही जण औषध संपल्यामुळे नव्हे, तर पथारी टाकायला जागा नसल्यामुळे गावी परततात.

परदेशी रुग्णाच्या कायद्याने एक गोष्ट मान्य केली आहे: आजारी माणूस एकटा बरा होत नाही, त्याच्या सोबत्यालाही राहण्याचा हक्क हवा. हेच तत्त्व आपल्या आरोग्य योजनांत का नाही? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सर रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. गाडगेबाबांना जे कळले, ते सरकारला कधी कळणार?

मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीतून आपण कमानी उभारतो. यंदा त्यातला एक हिस्सा बाजूला काढू. प्रत्येक मोठ्या विहारात रुग्णाच्या सोबत्यासाठी एक खोली ठेवू. आणि योजनेत मुक्कामाचा खर्च धरावा, अशी लेखी मागणी जिल्हाधिकारी आणि आमदारांकडे करू. खोली म्हणजे सेवा, मागणी म्हणजे हक्क. दोन्ही एकदमच व्हायला हव्यात.